ख्रिस्ती लेक, मुस्लिम लेक आणि वाटणीचा हिशेब

ख्रिस्ती धर्मात स्त्रीला अधिक मान आहे की इस्लाममध्ये, हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा या दोन्ही धर्मांतला नसतो आणि उत्तरही त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. मनासारखे एखादे वचन हाती लागले की त्याचे काम झाले. ठाण्यात कोर्टनाक्याच्या परिसरात बरीच वर्षे कौटुंबिक दाव्यांची वकिली करताना मला मात्र असे दिसले आहे की, ज्या बायकांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्या तो या शब्दांत कधीच मांडत नाहीत. राबोडीहून आलेली बाई विचारते, नवऱ्याने मेहरची, म्हणजे निकाहात बायकोला द्यायची ठरलेली, रक्कम दिलीच नाही, ती आता मागता येईल का. चर्चमध्ये लग्न लागलेली बाई विचारते, चर्चने आमचा विवाह रद्दबातल ठरवला आहे, तर मला दुसरे लग्न करता येईल का. तुलना करायचीच असेल तर ती या पातळीवर करावी, असे माझे मत आहे, आणि या पातळीवर उतरले की सर्वांत आधी पैशाकडे पाहावे लागते.

लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात एक छोटा प्रसंग आहे. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की त्याने वडिलांच्या मालमत्तेचा वाटा मला द्यावा. येशू त्याला विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा म्हणून कोणी नेमले? पुढे तो लोभाविषयी दृष्टान्त सांगतो आणि वाटणीचा विषय तिथेच राहतो. आता दुसरा प्रसंग पाहा. इसवी सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत साद बिन रबी हे मारले गेले. त्यांची विधवा आपल्या दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, या मुलींच्या चुलत्याने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली आहे, मालमत्तेशिवाय यांची लग्ने होणार नाहीत. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद, असे सांगते की, त्यानंतर वारशाविषयीची आयत, म्हणजे कुराणातले वचन, उतरली आणि पैगंबरांनी चुलत्याला बोलावून सांगितले, दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे आणि उरेल ते तुझे.

या दोन प्रसंगांत दोन्ही धर्मांची घडण दिसते. येशू वाटणीच्या भानगडीत पडत नाही. पैगंबर अपूर्णांकांसह वाटणी करून देतात. इस्लामने स्त्रीला हक्क मोजून दिला, आणि मोजलेला असल्यामुळे पुढे तो वाढेना. ख्रिस्ती धर्माने मोजून काहीच दिले नाही, त्यामुळे ज्या देशाचा जो कायदा आणि ज्या गावची जी रीत असेल तीच ख्रिस्ती स्त्रीच्या वाट्याला आली, मग ती रोमची असो, इंग्लंडची असो की आजच्या केरळातल्या त्रावणकोरची.

कुराणातील चौथ्या सूऱ्याचे, म्हणजे अध्यायाचे, नावच ‘अन-निसा’, म्हणजे स्त्रिया, असे आहे. त्यात आईवडील आणि नातलग मागे जे ठेवून जातात त्यात पुरुषांचा जसा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मग मालमत्ता थोडी असो वा फार, असे स्पष्ट म्हटले आहे. मुलाचा वाटा दोन मुलींच्या वाट्याइतका, म्हणजे मुलीला मुलाच्या निम्मे. याचे पारंपरिक समर्थन असे केले जाते की, मेहर देण्याची आणि बायकामुलांना पोसण्याची जबाबदारी पुरुषावर आहे आणि स्त्रीला मिळालेला पैसा केवळ तिचा आहे. हे समर्थन सातव्या शतकातील अरबस्तानात पटण्यासारखे होते, यात मला शंका नाही. त्याची किंमत कळण्यासाठी इंग्लंडकडे पाहावे. तिथे विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता आणि तिची कमाई लग्नाबरोबर नवऱ्याच्या मालकीची होत असे, आणि हे बदलण्यासाठी १८७० आणि १८८२ चे कायदे करावे लागले. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील ख्रिस्ती पत्नीला जे नव्हते ते भिवंडीतल्या मुस्लिम पत्नीला, निदान शास्त्राप्रमाणे, शेकडो वर्षे होते. परंतु आज मुंब्र्यात भाऊ आणि बहीण दोघेही नोकरी करतात, आणि आजारी वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च कित्येक घरांत बहीणच करते. तिथे निम्म्या वाट्याचे जुने समर्थन लागू पडत नाही. जबाबदारीवर आधारलेला नियम जबाबदारी पालटल्यावर का पालटू नये, हा प्रश्न मला अनेक मुस्लिम बायकांनीच विचारला आहे आणि त्यावर पटणारे उत्तर मी अद्याप ऐकलेले नाही.

ख्रिस्ती कुटुंबांना आपल्याकडे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना समान, अशी ही वाटणी आहे. इथवर ख्रिस्ती लेक पुढे आहे. पण हाच कायदा थोडा पुढे वाचला की धक्का बसतो. अपत्य नसलेला मुलगा वारला आणि त्याचे वडील हयात असतील, तर विधवेचा निम्मा वाटा सोडून बाकी सर्व वडिलांना जाते आणि आईला काहीही मिळत नाही. वडील नसतील तरच आई वारस होते, आणि तेव्हाही तिला मृताच्या भावंडांच्या बरोबरीने वाटा घ्यावा लागतो. हा नियम आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. मुस्लिम कायद्यात मात्र आईला वगळता येतच नाही. मुलाला अपत्य असले तरी तिचा एक षष्ठांश राहतो. ‘ख्रिस्ती धर्म पुढारलेला आणि इस्लाम मागासलेला’ असे ठोकताळे बांधणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते, आणि ते ऐकून बहुतेकांना आधी खोटेच वाटते.

मृत्युपत्राचेही तसेच आहे. ख्रिस्ती बाप आपली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने एका मुलाच्या नावे करू शकतो आणि मुलीला त्यावर फारसे काही करता येत नाही. मुस्लिम बापाला एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, आणि वारसाच्याच नावे मृत्युपत्र करायचे असेल तर सुन्नी कायद्याप्रमाणे इतर वारसांची संमती लागते, त्यामुळे मुलीला अगदीच उघड्यावर टाकणे कठीण होते. कठीण म्हटले, अशक्य नव्हे. कारण हयातीत ‘हिबा’ म्हणजे बक्षीस करून आणि ताबा देऊन सगळी मालमत्ता मुलांकडे वळवता येते, आणि ही वाट ठाणे जिल्ह्यातल्या बापांना चांगली ठाऊक आहे.

केरळच्या ख्रिस्ती शिक्षिका मेरी रॉय यांचा खटला इथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळत असे. ज्या समाजाने मुली शिकवल्या, देशभर परिचारिका आणि शिक्षिका पाठवल्या, त्या समाजाची मुलीच्या हक्काची कमाल मर्यादा पाच हजार रुपये होती. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, तो जुना कायदा १९५१ मध्येच संपुष्टात आला असून १९२५ चा कायदाच लागू आहे. मुलीला समान वाटा मिळाला तो बायबलामुळे नव्हे आणि चर्चमुळे तर नव्हेच. नेरूळमध्ये राहणारी, मूळची कोट्टायमकडची एक परिचारिका माझ्याकडे वडिलांचे मृत्युपत्र घेऊन आली होती. त्यात दोन्ही भावांना घर आणि रबराची बाग होती आणि तिच्याविषयी एकच वाक्य होते, की तिचे शिक्षण आणि लग्न रीतसर करून दिले असल्याने तिचा कोणताही हक्क राहिलेला नाही. मृत्युपत्र कायदेशीर होते. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि पुढच्या पाळीला उशीर होईल म्हणून ती वाशीला निघून गेली.

आपल्याकडे दोन्ही समाजांतल्या लेकींना एकाच पंक्तीला बसवणारा कागद आहे आणि त्याचे नाव हक्कसोडपत्र. घोडबंदर रस्त्यावर जमिनींचे भाव चढले आणि जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हापासून नोंदणी कार्यालयात या कागदाची रांग हटलेली नाही. उत्तनकडची ख्रिस्ती बहीण असो, राबोडीतली कोकणी मुस्लिम बहीण असो, की आमच्या समाजातली हिंदू बहीण असो, सही करताना तिन्ही जणी एकच वाक्य बोलतात: ‘माहेर तुटायला नको.’ मेजापलीकडे भाऊ बसलेला असतो, तो खिशातून पेन काढून पुढे करतो आणि बहिणीला, ‘ताई, इथे, आणि मागच्या पानावरही,’ असे सांगतो. त्या क्षणी कुराणातला निम्मा वाटा आणि १९२५ च्या कायद्यातला समान वाटा यांची किंमत सारखीच, म्हणजे शून्य, झालेली असते.

विवाहाकडे वळले की दोन्ही धर्मांतले अंतर खरोखर मोठे दिसते. कॅथलिक चर्चसाठी विवाह हा संस्कार आहे आणि तो मोडता येत नाही. इस्लाममध्ये निकाह हा साक्षीदारांसमोर केलेला करार आहे, त्यात अटी घालता येतात आणि तो संपवताही येतो. येशूने घटस्फोटाविरुद्ध जे कठोर शब्द वापरले ते मूळ संदर्भात पाहिले, तर त्यांत स्त्रीचे संरक्षणच होते. त्या काळच्या ज्यू समाजात नवरा सूटपत्र लिहून बायकोला घराबाहेर काढू शकत असे आणि येशूने पुरुषाची ही सोय बंद केली. परंतु पुढे तोच दरवाजा मार खाणाऱ्या बायकोवरही बंद झाला. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, त्याग किंवा आणखी काही सिद्ध करावे लागे, म्हणजे नुसती मारहाण हे कारण पुरेसे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला. एकशे बत्तीस वर्षे गेली. त्या दुरुस्तीतही परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी दोन वर्षे वेगळे राहण्याची अट लिहिली गेली, जी हिंदू दांपत्यासाठी एकच वर्षाची आहे. हा फरक का ठेवला ते मला आजवर उमगलेले नाही.

चर्चच्या न्यायासनाविषयी आमच्याकडे फार गैरसमज आहे. चर्चचे न्यायासन विवाह मुळातच वैध नव्हता असे जाहीर करू शकते, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती प्रक्रिया सोपीही केली. पण या निर्णयाने देशाच्या कायद्यापुढचा विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलेले आहे. चर्चचा कागद हाती आला म्हणून दुसरे लग्न केलेली बाई कायद्याने द्विविवाहाच्या गुन्ह्याच्या कचाट्यात सापडू शकते. हे सांगितले की समोरची बाई आधी रागावते, मग विचारते, ‘म्हणजे मॅडम, मी देवापुढे सुटले आणि सरकारपुढे नाही?’ मला ‘होय’ म्हणावे लागते. फिलिपाइन्समध्ये परिस्थिती याहून विचित्र आहे. तिथल्या कॅथलिक स्त्रीला देशाच्या कायद्यात घटस्फोटाची सोयच नाही आणि त्याच देशातल्या मुस्लिम स्त्रीला १९७७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायद्याखाली ती आहे.

इस्लाममधल्या तलाकविषयी आपल्याकडे इतके बोलले गेले आहे की तीन तलाकवर मी थोडक्यातच लिहिते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा झाला. नवऱ्याला तुरुंगात पाठवल्यावर पोटगी कोण देणार, ही माझी शंका तेव्हा होती आणि आजही आहे. खरी विषमता मला दुसरीकडे दिसते. नवऱ्याला तलाक देण्यासाठी बायकोची संमती लागत नाही. बायकोला ‘खुला’, म्हणजे स्वतःहून मागितलेली फारकत, घ्यायचा असेल तर बहुधा मेहर सोडावी लागते आणि नवऱ्याची संमती हवी की नको यावर वाद होत राहतो. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने बायकांना न्यायालयात जाण्याची वाट मिळाली: नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोसत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर विवाह मोडता येतो. या कायद्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. हनफी या सुन्नी कायदेपंथात बायकोला सुटकेची वाट जवळजवळ नव्हती, म्हणून पंजाबात कित्येक मुस्लिम बायका केवळ लग्नातून सुटण्यासाठी धर्म बदलू लागल्या होत्या. तेव्हा देवबंद परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाचे नियम घेऊन तोडगा काढला आणि त्यातून हा कायदा उभा राहिला. बायका बाहेर पडू लागल्या तेव्हा शास्त्रात वाट सापडली. ज्या वर्षी हे झाले त्या वर्षी भारतातल्या बहुसंख्य हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा अधिकारच नव्हता, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.

बहुपत्नीत्वाच्या बाबतीत ख्रिस्ती स्त्री निर्विवाद पुढे आहे. कुराणाने चारची मर्यादा घातली, सगळ्यांशी न्यायाने वागण्याची अट घातली आणि त्याच सूऱ्यात पुढे असेही म्हटले की, कितीही इच्छा असली तरी तुम्हाला बायकांमध्ये तंतोतंत न्याय करता येणार नाही. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केले तेव्हा हाच आधार पुढे केला. आपल्याकडे देशपातळीवर ते झालेले नाही.

धर्मात बोलण्याचा अधिकार कोणाला, या बाबतीत मात्र दोघींच्या पदरी सारखीच निराशा आहे. येशूच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार मरिया मग्दालिया ही स्त्री होती; रोमकरांस पत्रात पौल फिबीचा उल्लेख मंडळीची सेविका म्हणून आदराने करतो; आणि तरी तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रीने शिकवावे अथवा पुरुषावर अधिकार चालवावा याची परवानगी नाही, असे वाक्य आहे. पुढची अनेक शतके चर्चने फिबीला बाजूला ठेवले आणि हे वाक्य तेवढे धरून ठेवले. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत, मोठमोठे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, त्यांच्याकडे शंका विचारायला येत. आणि तरी २०१९ मध्ये पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याला स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने पुढच्या वर्षी प्रतिज्ञापत्रात सांगितले की, धर्मात तशी मनाई नाही. मनाई नव्हती तर इतकी वर्षे दार का बंद होते, हे विचारण्याची सोय प्रतिज्ञापत्रात नसते.

मराठी माणसाने या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंना विसरू नये. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेली ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे ख्रिस्ती झाली, आणि त्यामागे हिंदू शास्त्रांत स्त्रीला मिळालेल्या स्थानाविषयीची तिची चीड होती. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तिने पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवले की, माझ्या आईने आणि मी शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि इथे इंग्रज लोक ती घेतात याचे मला आश्चर्य वाटते. आणखी एका पत्रात त्यांनी, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर आता दुसऱ्याच्या जोखडाखाली जाण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे लिहिले. ख्रिस्तावर पूर्ण श्रद्धा ठेवून चर्चशी वाद घालणारी ही बाई पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत बसली. ते काम तिने का केले असेल, याचे उत्तर मला त्या पत्रांत सापडते: ग्रंथ स्वतः वाचल्याशिवाय वाचून दाखवणाऱ्याशी भांडता येत नाही.

मुस्लिम समाजात अशी वाट कोणी धरली नाही असे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तीन तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. सातच होत्या, म्हणून त्या काळी हसणारे बरेच होते. २०१६ मध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यातला स्त्रियांचा प्रवेश मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला, तो मुस्लिम स्त्रियांनीच केलेल्या याचिकेवर.

डोक्यावरच्या पदराविषयी आणि बुरख्याविषयी मी इथे लिहीत नाही. बाईच्या कपड्यांवर सगळ्यांकडेच मत असते आणि तिच्या नावावरच्या सातबाऱ्यावर कोणाकडेच नसते.

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी धर्मांची तुलना न सांगता कागदावर काय करता येईल ते सांगते. ख्रिस्ती मुलीला सांगते की वडिलांशी मृत्युपत्राविषयी ते हयात असताना बोल, आणि नवऱ्याला मृत्युपत्र करायला लावताना आपल्या सासूचे नाव त्यात घालायला विसरू नकोस, कारण कायदा तिला विसरला आहे. मुस्लिम मुलीला सांगते की निकाहनामा हा करार आहे तर तो करारासारखा वाच. त्यात मेहरचा रकाना असतो. तो बहुतेक वेळा वडीलधारे आपसात ठरवून ७८६ रुपये किंवा तसाच काही शुभ आकडा टाकून भरतात, आणि वधू सही करते तेव्हा तो आकडा तिने पाहिलेलाही नसतो. त्याच कागदावर अट घालून नवरा तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवू शकतो. याला तफवीज म्हणतात, हनफी शास्त्राला ते मान्य आहे आणि भारतातील न्यायालयांनीही ते मानले आहे. दुसरे लग्न केल्यास बायकोला तलाकचा अधिकार राहील, अशी अट असली की पुढची बरीच भांडणे वाचतात. गेल्या हिवाळ्यात कौशाच्या एका मुलीसाठी मी अशा चार ओळींचा मसुदा करून दिला. तिच्या आईला भीती वाटत होती की वरपक्ष मोडता घालेल. वरपक्षाने कुरकुर केली ती मेहरच्या रकमेवर, आणि काझीसाहेबांनी अट वाचून एवढेच विचारले की याची एक प्रत मला मिळेल का, आणखी दोन घरांतून अशी विचारणा झाली आहे.